टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या

हॉर्निमन सर्कलच्या बागेकडे पाठ करून उभे राहा. समोरच्या तीस पायऱ्या तेवढ्या जागेवर राहू द्या, बाकी सगळं पुसून टाका. साल १८३३. पाठीमागे बाग नाही, बॉम्बे ग्रीनचं उघडं मैदान आहे. त्यावर कापसाच्या गाठींच्या थप्प्या, पलीकडे सेंट थॉमस चर्च. तुम्ही मुंबईच्या किल्ल्यात, तटाच्या आत आहात.

वर पाहा. भले थोरले डोरिक खांब. कर्नल थॉमस काउपर यांनी आखलेली इमारत. हिच्यासाठी लॉटरी काढून पैसा उभा केला, तो पुरला नाही, शेवटी कंपनी सरकारने तिजोरी उघडली. आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. पुस्तकं या देशाच्या भाषांची, नाण्यांची, लेण्यांची. सभासद मात्र सगळे गोरे. तुम्हाला ते सभासद करून घेणार नाहीत. माणकजी करसेटजी हे पहिले हिंदी सभासद व्हायला १८४० उजाडेल. हा उंबरठा मला या पायऱ्यांपेक्षा उंच वाटतो.

पण १८३६ साली याच इमारतीत एल्फिन्स्टन कॉलेजचे वर्ग सुरू होतात आणि इथलीच मुलं या पायऱ्या चढू लागतात. पुढच्या वीस वर्षांत समोरच्या वडाखाली शेअर दलालांचा घोळका जमू लागतो. त्यांच्या आरड्याओरड्यातून वाट काढत पुढे या.

१ नोव्हेंबर १८५८, सोमवार. आज पायऱ्यांवर अधिकारी आहेत, खाली तुम्ही. व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला जातोय. कंपनीचं राज्य संपलं, राणीचं सुरू झालं. धर्मात ढवळाढवळ होणार नाही, जातधर्म न पाहता नोकऱ्या मिळतील, अशी वचनं तुमच्या कानावर पडतात. बंडाच्या आठवणी ताज्या आहेत; शेजारच्या माणसाचा चेहरा नीट पाहा. याच वचनांची आठवण सरकारला करून देत पुढची पिढी अर्ज आणि सभा करणार आहे.

मग वर्षं भराभर सरतात. किल्ल्याचा तट पडतो, मैदानाचं वर्तुळ होतं. आत गव्हर्नरांच्या पुतळ्यांच्या जोडीला नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा येतो. भाऊ दाजी लाड सोसायटीचे उपाध्यक्ष होतात. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याच्या स्तूपातून काढलेले अवशेष इथे येतात. विसाव्या शतकात याच ग्रंथांच्या आधाराने पां. वा. काणे धर्मशास्त्राचा इतिहास लिहितात, आणि दुर्गाबाई भागवत इथल्या टेबलाशी वाचत बसतात. ज्या दारातून आपल्याला परत पाठवलं जात होतं, त्याच दाराआडची विद्या आपल्या माणसांनी अशी आपली केली. मुंबईच्या इतिहासात मला याहून मोठी मिळकत दिसत नाही.

आता आजच्या तारखेला परत या. पायऱ्यांवर फोटो काढून माघारी फिरू नका. वर चढा, आत जा आणि दरबार हॉलमधलं पुढचं व्याख्यान ऐका.