शेवटच्या दिवसांची सोबत

भगिनींनो, हळदीकुंकू, शिवणवर्ग आणि भजनाच्या वृत्तांताशेजारी मृत्यूचा विषय कुणाला अशुभ वाटेल. परंतु आजाऱ्याच्या उशाशी अखेरपर्यंत बसते ती बहुधा घरातली बाईच. तेव्हा या सोबतीचा इतिहासही आपल्याला ठाऊक असावा, म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

आपल्या कोल्हारात पूर्वी माणूस घरीच जात असे. कुणी पोथी वाची, कुणी पाय चेपी. तुळशीपत्र आणि गंगाजल हाताशी असे. मागाहून शेजारच्या चुलीवरची पिठले-भाकरी येई. सोबत भरपूर होती. वेदनेवर उपाय मात्र नव्हता. पुढे दवाखाने वाढले. जवळच लोणीला १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कितीतरी माणसे वाचली, हे उपकार मोठेच. तरीही कर्करोगासारख्या दुखण्यात एक वेळ अशी येते की डॉक्टर म्हणतात, "आता घरी घेऊन जा." माझ्या सासूबाईंच्या आजारात हे शब्द मीही ऐकले आहेत. घरी नेऊन पुढे करायचे काय, हे मात्र आम्हाला कुणी सांगितले नाही.

हा प्रश्न जन्मभर उराशी धरला तो लंडनच्या सिसिली सॉण्डर्स या बाईंनी. दुसऱ्या महायुद्धात त्या परिचारिका होत्या, नंतर रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४८ साली पोलंडहून आलेला डेव्हिड तास्मा हा निर्वासित त्यांच्या देखरेखीखाली कर्करोगाने वारला. अशा रोग्यांसाठी घर उभारण्याचे बाईंच्या मनात होते. त्या घराला आपली एक खिडकी असावी, म्हणून जाताना त्याने ५०० पौंड ठेवले. बाई पुन्हा शिकल्या, १९५७ साली डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी 'सेंट ख्रिस्तोफर्स' हे शुश्रूषागृह उघडले. त्यांचे म्हणणे साधे होते. दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता औषध घड्याळाप्रमाणे द्यावे; आणि दुखते ते केवळ शरीर नव्हे, तर मन, संसाराची काळजी आणि श्रद्धाही दुखावलेली असते. आज जिला 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात ती शुश्रूषा या विचारातून वाढली.

आपल्याकडे मुंबईस टाटा रुग्णालय १९४१ पासून होते. तेथील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला 'शांती अवेदना' हे भारतातील असे पहिले शुश्रूषागृह काढले. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. १९९७ साली पुण्याजवळ वारज्याला सिप्लाचे केंद्र निघाले. तेथे पैसे घेत नाहीत, आणि रोग्याबरोबर राहणाऱ्या नातेवाइकाला घरच्या शुश्रूषेचे शिक्षणही देतात.

परंतु मोठी अडचण औषधाची होती. तीव्र वेदनेवर मॉर्फिन गुणकारी. ते होते अफूपासून. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची इतकी कुंपणे घातली की रुग्णालये ते ठेवीनाशी झाली. ज्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तेथेच रोगी तळमळत राहिले! २०१४ साली कायदा दुरुस्त होऊन ही कुंपणे बरीच सैल झाली.

आपल्याला सर्वांत जवळचा धडा मात्र केरळचा. १९९३ साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार प्रभृतींनी काम सुरू केले. पुढे गल्लीतल्या साध्या माणसांना शिकवून त्यांनी शेजाऱ्यांचीच पथके उभी केली. डॉक्टर मोजके, हात पुष्कळ! २००८ साली केरळ सरकारने त्यावर आपले धोरण आखले.

कायद्यानेही एक दार उघडले आहे. बरे होण्याची आशा सरल्यावर केवळ यंत्रावर जगवू नये, अशी इच्छा माणसाला आधी लिहून ठेवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केले. २०२३ साली पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. घरातल्या वडीलधाऱ्यांशी हे बोलणे शुद्ध असतानाच व्हावे. नंतर तो भार लेकीसुनांवर पडतो.

मग आपल्या हाती काय? पुष्कळ आहे. निजून असलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली तर पाठीला जखमा होण्याचे बरेच टळते. ओठ ओल्या कापसाने टिपावेत. अन्नावरची वासना उडाली की घास कोंबू नये. ठसका लागतो, जीव घाबरतो. "दुखते का?" हे रोज विचारावे आणि उत्तर डॉक्टरांना सांगावे. आणि जी बाई रात्रंदिवस उशाशी बसली आहे, तिला दोन तास झोप मिळावी म्हणून शेजारणीने तेथे बसावे.

पूर्वीची सोबत आणि आजचे औषध, दोन्ही एका खाटेपाशी आली पाहिजेत. औषध डॉक्टर देतील. सोबतीसाठी आपल्या मंडळाने प्रत्येक आळीतून दोन-दोन भगिनींची नावे या वर्षी लिहून घ्यावीत, अशी माझी सूचना आहे. पहिले नाव माझे लिहावे.