झाडावरचा आकडा

मुंबईतल्या जुन्या मद्यालयांची पायी सहल निघते ती बहुधा कुलाबा-फोर्ट भागात. १८७१ सालच्या लिओपोल्ड कॅफेसारख्या जागा तिथे दाखवता येतात. ट्रॉम्बेत, म्हणजे जुन्या तुर्भ्यात, अशी सहल नेली तर दाखवायचे काय? हा प्रश्न घेऊन मी एका सकाळी कोळीवाड्यातून धक्क्यापर्यंत चालत गेलो. समोर घारापुरी, बंदराच्या पलीकडच्या अंगाला उरण. उत्तर या दोन किनाऱ्यांच्या मध्येच होते.

एकोणिसाव्या शतकात ट्रॉम्बे मुंबई शहरात नव्हते. ते ठाणे जिल्ह्यात, साष्टीत मोडत होते. माडाची माडी, ताडाची ताडी. भंडारी झाडावर चढून पोय छाटायचा आणि तिला मडके बांधायचा. पहाटे उतरवलेला रस गोड लागतो, काही तासांतच फेसाळून आंबतो. तो टिकत नाही, म्हणून दूर जात नाही. झाड, काढणारा आणि पिणारा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असत.

ही वीण उसवली ती १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. सरकारला दारू बंद करायची नव्हती, तिच्यावरचा महसूल पक्का करायचा होता. आगरांत विखुरलेली झाडे मोजणे अवघड. एका कुंपणातली भट्टी मोजणे सोपे. रस काढायच्या झाडावर कर बसला, परवाना आला, बुंध्यावर आकडा पडला. उरणला पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या. तिथे गुजरातेतून आणलेल्या मोहाच्या फुलांची दारू गाळली जाई. सरकारी धोरणाचा कल या भट्टीकडे झुकला. भंडाऱ्यांनी विरोध केला, पण कर वाढत गेला आणि अनेकांना झाड परवडेना. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्या-विकण्यावरही निर्बंध आले. जंगलात पडणारे फूल कायद्याच्या कक्षेत आले.

पुढचे पान दारूबंदीचे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत ती आणली, डॉ. गिल्डर तिचे खंदे पुरस्कर्ते. १९४९ चा कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात बंदी आली. इंग्रजांनी महसुलासाठी दारू पसरवली, हा राष्ट्रीय चळवळीचा आरोप खोटा नव्हता. दारूने घरे मोडली, त्याचा भार बायकांनी सोसला, हेही खरेच. मात्र इंग्रजांच्या करातून जो भंडारी तगला, त्याचाच धंदा स्वराज्याच्या बंदीने काढून घेतला.

पिणे थांबले नाही. गाळणारा तेवढा अनोळखी झाला. विक्रोळीत २००४ साली आणि मालवणीत २०१५ साली विषारी दारूने माणसे मेली. एकट्या मालवणीत शंभरावर. पेल्यात मेथेनॉल आहे हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. जुन्या गावातली माडी निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. पण ती कोणी काढली, कोणत्या झाडाची, हे गावाला ठाऊक असे.

म्हणून ट्रॉम्बेत सहल काढायचीच, तर ती धक्क्याजवळच्या एखाद्या माडाखाली सुरू करावी, तिथून बंदरापलीकडचे उरण दाखवावे. मद्यालय अगदी शेवटी आले तरी चालेल.