विद्यार्थिप्रयोग, समस्याधिष्ठित

प्रत्यक्ष जीवनातील एखादी अडचण प्रश्न म्हणून स्वीकारून तिच्या उलगड्यासाठी विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेले व पार पाडलेले विज्ञान-अभियांत्रिकी प्रयोग. क्रमिक पुस्तकातील प्रयोगाचे उत्तर आधीच ठाऊक असते; त्याची उपकरणे, कृती व अनुमान ही ठरलेली असतात आणि उत्तर जुळले नाही, तर चूक विद्यार्थ्याची मानली जाते. समस्याधिष्ठित प्रयोगात काय मोजावयाचे, कशाने मोजावयाचे व किती काळ मोजावयाचे, हेही विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. शिवाय त्याच्या उत्तराचा परीक्षकाखेरीज आणखी एक परीक्षक असतो : ज्याची ती अडचण असते, तो माणूस. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीचा महाराष्ट्रातील इतिहास आणि रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांतील तिचा आढळ यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांच्या ‘कृतीतून शिक्षण’ या विचाराला विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्पपद्धतीचे रूप दिले. भारतात १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नई तालीम योजनेत उत्पादक हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा गाभा ठरविण्यात आला. तीत श्रमाला प्रतिष्ठा मिळाली. तथापि प्रश्न विचारणे व मोजमाप करणे या विज्ञानाच्या अंगाचा विकास मर्यादितच राहिला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा आवश्यक भाग असावा, अशी शिफारस केली. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात (१९७२–२००२) ग्रामीण शाळांतील मुले स्वस्त व स्थानिक साहित्यातून प्रयोग करीत. महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापलेल्या विज्ञान आश्रमाने बांधकाम, वीज, शेती-पशुपालन इ. कामे शालेय अभ्यासाशी जोडली. विद्यार्थ्यांनी गावाला सेवा पुरवावी व त्यातून शिकावे, हे त्याचे सूत्र होते. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने १९९३ पासून स्थानिक समस्येवरील गट-प्रकल्पांना देशव्यापी व्यासपीठ दिले.

उच्च तांत्रिक शिक्षणात हा विचार उशिरा रुजला. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत १९८५ मध्ये ग्रामीण भागांसाठी पर्यायी तंत्रविज्ञानाचा विचार करणारे ‘सिटारा’ हे केंद्र सुरू झाले. पुढे तेथे तंत्रविज्ञान आणि विकास या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखण्यात येऊन खेड्यातील प्रत्यक्ष वास्तव्य हा त्याचा एक भाग ठरला. कर्जत तालुका मुंबईपासून लोहमार्गाने जवळ असल्याने तो या केंद्राच्या विद्यार्थ्यांचे एक प्रमुख कार्यक्षेत्र बनला.

परिसर : हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले असून उल्हास नदी कर्जतमधून व पाताळगंगा खालापूरमधून वाहते. वार्षिक पर्जन्यमान सामान्यतः ३,००० मिमी.हून अधिक असते. पण त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तीव्र उतार व पाणी धरून ठेवण्याची अल्प क्षमता असलेला बेसाल्ट खडक यांमुळे ते पाणी वेगाने वाहून जाते. परिणामी ठाकर व कातकरी आदिवासींच्या डोंगरउतारावरील वाड्यांत मार्च ते मे या काळात टंचाई भासते व पाण्यासाठीची पायपीट मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येते.

याच परिसरात पाण्याच्या अभियांत्रिकीचा एक भव्य प्रयोगही घडलेला आहे. घाटमाथ्यावरील जलाशयांचे पाणी सु. ५०० मी. खाली आणून टाटा समूहाने खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) येथे जलविद्युत् केंद्रे उभारली. वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्याने पाताळगंगेला व पेज नदीला उन्हाळ्यातही प्रवाह असतो. भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालव्याद्वारे कर्जतमध्ये उन्हाळी भात पिकते. खाली बारमाही प्रवाह आणि वर कोरड्या विहिरी, ही विसंगती या भागातील विद्यार्थिप्रयोगांच्या मुळाशी आहे. पाण्याचा एकूण साठा पुरेसा असूनही ते योग्य उंचीवर व योग्य महिन्यात का मिळत नाही, असा प्रश्न मग अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापुढे उभा राहतो.

पाण्यावरील प्रयोग : ‘सिटारा’च्या विद्यार्थ्यांनी प्रा. मिलिंद सोहोनी प्रभृतींच्या मार्गदर्शनाखाली कर्जत तालुक्यातील वाड्यांच्या पिण्याच्या पाण्याचा अभ्यास केला. एकेका गावापुरत्या नळयोजना उद्‌भव आटल्याने का बंद पडतात आणि उत्तर कर्जतमधील अनेक वाड्यांसाठी भरवशाच्या उद्‌भवावरून सामायिक योजना शक्य आहे काय, हे त्यांनी तपासले. अशा कामात उंचसखलपणाचे मापन, लोकसंख्येचा अंदाज, नळांचा व्यास व त्यातील दाबाची हानी यांचे गणित आणि दरडोई खर्चाची तुलना ही सर्व अंगे एकत्र येतात. नळांच्या जाळ्याची किफायतशीर रचना ठरविणारी ‘जलतंत्र’ ही संगणकप्रणाली याच संस्थेत विकसित झाली.

प्रयोगाचे स्वरूप पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. ३०० वस्तीची एक वाडी ओढ्याच्या झऱ्यावर अवलंबून आहे, असे मानू. ग्रामीण पाणीपुरवठ्याचा पूर्वीचा निकष दरडोई दररोज ४० लिटरचा होता; जल जीवन मिशनचा (२०१९) निकष ५५ लिटरचा आहे. त्यानुसार वाडीची रोजची गरज १६,५०० लि. होते. ओढ्यात ९० अंशांची त्रिकोणी खाच असलेली फळी बसवून खाचेतील पाण्याची उंची दररोज नोंदविता येते. उंची ५ सेंमी. असता प्रवाह सेकंदाला सु. ०·७७ लि., म्हणजे दिवसाला सु. ६६,००० लि. भरतो. उंची ३ सेंमी.वर आली, की तो सु. १८,६०० लि. होतो आणि २ सेंमी.ला केवळ सु. ६,७०० लि. उरतो. प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात बदलत असल्याने डोळ्यांना किंचित वाटणारी घट प्रत्यक्षात फार मोठी असते. इतक्या कमी उंचीला खाचेचे सूत्र फारसे विश्वसनीय राहत नाही. तेव्हा बादली व घड्याळ हीच अधिक अचूक उपकरणे ठरतात. केव्हा उपकरण बदलावे, हे कळणे हाही प्रयोगातील शिक्षणाचाच भाग होय.

बंधारा बांधून पाणी अडविणे हा उपाय सहज सुचतो. परंतु उन्हाळ्यात दिवसाला ५ मिमी. बाष्पीभवन धरल्यास २,००० चौ. मी. पृष्ठभागाच्या उथळ तळ्यातून रोज १०,००० लि. पाणी उडून जाते, म्हणजे वरील वाडीच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक. खडकातील भेगांतून होणारी गळती वेगळीच. म्हणून साठ्याच्या आकारमानाइतकाच त्याच्या खोलीचा व तळाच्या खडकाचा विचार करावा लागतो. बंधारा बांधल्यानंतर खालच्या विहिरीची पातळी आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्याशिवाय त्याच्या यशाविषयी काही म्हणता येत नाही. आणि पर्जन्यमान दरवर्षी सारखे नसल्याने एका वर्षाच्या तुलनेवर विसंबता येत नाही.

शेती व इतर विषय : कर्जत येथे १९१९ पासून भात संशोधन केंद्र असून ते आता दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. ‘कर्जत’ हे नाव धारण करणाऱ्या अनेक भातजाती तेथे निघाल्या. कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने पारंपरिक भातवाणांचे जतन व आदिवासींच्या धान्यबँका यांवर काम केले. नेरळजवळील सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरणी, चिखलणी व लावणी टाळून गादीवाफ्यांवर भात टोकण्याचे सगुणा भात तंत्र विकसित केले. या पद्धतीत आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवली जातात. श्रमाची बचत व जमिनीचा कस या तिच्या जमेच्या बाजू, तर तणनाशकावरील अवलंबन हा आक्षेपाचा मुद्दा आहे. संशोधन केंद्र, संस्था व प्रयोगशील शेतकरी ही तिन्ही जवळजवळ असल्याने शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना तुलनात्मक प्रयोगांसाठी विषयांची वाण नाही : दोन पद्धतींच्या शेतांतील गांडुळांची संख्या, मातीत पाणी मुरण्याचा वेग, राब भाजण्याऐवजी अन्य खताचा वापर, साठवणीतील धान्याला लागणारी कीड, धूर कमी करणारी चूल इत्यादी.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले व अनेकांचा शोध लागू शकला नाही. वाडीपर्यंत केवळ पायवाट असल्याने अवजड यंत्रे नेता आली नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. अशा आपत्तीचे भाकीत विद्यार्थ्यांच्या मोजमापाने करता येईल, असा दावा कोणी करू नये. मात्र तालुक्याच्या ठिकाणचा पर्जन्यमापक डोंगरावरील पावसाची पूर्ण कल्पना देत नाही. वाडीवाडीतील पावसाची नोंद, उतारावरील भेगांची रुंदी व झऱ्यांच्या पाण्यातील गढूळपणा ही मोजमापे शाळकरी मुलांनाही जमण्याजोगी असून भूवैज्ञानिकांना ती उपयोगी पडू शकतात. या घटनेनंतर अशा नोंदींचे महत्त्व अधिक गंभीरपणे ध्यानी येते.

संस्थीकरण व मर्यादा : केंद्र शासनाचे उन्नत भारत अभियान (२०१४) व महाराष्ट्र शासनाचे उन्नत महाराष्ट्र अभियान (२०१६) यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परिसरातील गावांशी जोडण्याचे धोरण स्वीकारले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अनुभवाधिष्ठित शिक्षणावर भर आहे. त्यामुळे पूर्वी एखाद्या उत्साही शिक्षकावर अवलंबून असलेले हे काम अभ्यासक्रमाच्या चौकटीत येऊ लागले.

तथापि काही अडचणी मूलभूत आहेत. सत्र दिवाळीच्या आसपास संपते, तर विहीर एप्रिलमध्ये आटते. निरीक्षणाचा खरा काळ नेमका परीक्षेचा व सुट्टीचा असतो. विद्यार्थी दरवर्षी बदलतात व मागील नोंदी पुढील तुकडीच्या हाती क्वचितच पडतात. प्रदर्शनासाठी केलेली प्रतिकृती आणि वापरासाठी केलेले साधन यांतील फरक पुष्कळदा पुसला जातो. दुरुस्ती कोणी करावी, हे न ठरल्याने चालू साधनही बंद पडते. शिवाय वारंवार सर्वेक्षण होऊनही ज्या वाडीला निष्कर्ष कळविले जात नाहीत, ती पुढे प्रश्नांना उत्तरे देईनाशी होते. म्हणून निष्कर्ष मराठीत लिहून ग्रामसभेपुढे ठेवणे, मोजमापाची वही वाडीतच ठेवणे आणि फसलेल्या प्रयोगाचीही नोंद करणे, ही पथ्ये आवश्यक ठरतात. ती पाळली गेल्यास विद्यार्थ्याचा प्रयोग गावाच्या स्मृतीचा भाग होतो. पंचायतीला शासनाकडे योजनेची मागणी करताना आकडेवारीचा आधार मिळतो आणि विज्ञान हे केवळ परीक्षेसाठी नसते, याचा प्रत्यय विद्यार्थी व गावकरी या दोघांनाही येतो.