कोयता आणि फलक

आमच्या पुनावळ्यातल्या सोसायटीच्या नवव्या मजल्यावरून बाह्यवळण महामार्ग दिसतो. रात्री दीडला एखादा प्रॉडक्शन इश्यू सुटत नसला की मी गॅलरीत जाऊन कंटेनर मोजतो. चाकणच्या कारखान्यांतला माल त्यांत भरलेला असतो आणि बहुतेकांचा रस्ता एकाच दिशेने जातो. घाट उतरून, पनवेल ओलांडून, न्हावा-शेवा बंदराकडे. बंदर उरण तालुक्यात आहे. मागच्या ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, एका रविवारी मी आणि माझा रूममेट पहाटे त्याच वाटेने निघालो. बंदर बघायचं नव्हतं, त्याच्या मागचे डोंगर चढायचे होते. ट्रेकिंगच्या ग्रुपवर कोणीतरी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगराचे फोटो टाकले होते. हिरवं रान, ओढा, छोटा बंधारा, आणि लांब खाडी. तेवढ्यावर आम्ही ठरवलं.

चिरनेरला गाडी लावली तेव्हा साडेसात वाजले होते. गावातून जाताना हुतात्मा स्मारक लागलं. अशी स्मारकं महाराष्ट्रात गावोगाव आहेत, आपण ती बघतो आणि पुढे जातो. आम्हीही गेलो असतो. पण रूममेटला चहा हवा होता, म्हणून थांबलो. चहा होईपर्यंत मी स्मारकावरचा मजकूर वाचला. २५ सप्टेंबर १९३०. जंगल सत्याग्रह. आठ हुतात्मे.

मी तिथेच थबकलो, त्याला कारण होतं. २०२३ च्या अखेरीस आमच्या पुनावळ्यात वनजमिनीवर कचरा डेपो करायच्या प्रस्तावाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते. मीही उतरलो होतो, आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या हातात फलक होता, त्यावर झाडं वाचवा असं लिहिलं होतं. त्या डिसेंबरात प्रकल्प रद्द केल्याची घोषणा विधिमंडळात झाली आणि आम्ही पेढे वाटले. आता मी ज्यांच्या स्मारकापुढे उभा होतो, ते जंगलात झाडं तोडायला गेले होते आणि त्यासाठी मेले होते. या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी बरोबर कशा वाटू शकतात, हा प्रश्न त्या दिवशी डोंगरभर माझ्याबरोबर चालत होता. परत आल्यावर महिनाभर वाचत बसलो. हा लेख त्यातून आला.

सुरुवात भातापासून करावी लागते. कोकणात भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर असा ढीग पसरायचा आणि पेटवून द्यायचा. तणाचं बी जळतं, राख खत होते. मग पाऊस पडला की त्या वाफ्यात पेरणी, आणि रोपं वाढली की लावणी. म्हणजे घरातल्या भाताचा पहिला कच्चा माल डोंगरावरच्या ऐन-किंजळीच्या फांद्या होत्या. शेतकरी झाड मुळातून तोडत नसे, फांद्या छाटत असे, कारण पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे पुन्हा जायचं होतं. चूल, गोठा, नांगर, होडी, सगळ्याला रान लागायचं. कातकऱ्यांचं तर नावच खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडलेलं.

याचा अर्थ पूर्वी जंगलावर कोणाची सत्ता नव्हती असा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं याच्या सूचना आहेत. साग वगैरे लाकूड लागलं तर हुजुराची परवानगी घेऊन तोडावं. पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. प्रत्यक्षात हे किती पाळलं गेलं ते वेगळं, पण झाडाला धनी असतो आणि तो रयतेतला असू शकतो, हे तिथे गृहीत धरलेलं आहे.

इंग्रजांच्या काळात हे गृहीतकच बदललं. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, १८६३ मध्ये बोरघाट चढून गाडी वर आली. ज्या घाटातून आम्ही पहाटे गाडीने उतरलो तोच हा घाट. रुळांखाली स्लीपर लागतात, स्लीपरला लाकूड. १८६४ मध्ये वनखातं स्थापन झालं, १८६५ मध्ये पहिला कायदा आला आणि १८७८ च्या कायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवनं अशी वर्गवारी झाली. राखीव जंगलात सरकारने परवानगी दिलेली नाही अशी जवळपास प्रत्येक गोष्ट गुन्हा ठरली. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्या सिस्टिममध्ये गावाला पिढ्यान्‌पिढ्या प्रवेश होता, तिथले सगळे अधिकार एका रात्रीत काढून घेतले आणि हेल्पडेस्कवर नाकेदार बसवला. ठाणे-कुलाबा भागात राबाच्या प्रश्नावर इतका असंतोष होता की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. काही सवलती मिळाल्या, मूळ चौकट राहिली. १९२७ च्या कायद्याने ती आणखी पक्की केली.

१९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. उरणच्या मिठागरांच्या मुलखात तो विषय समजावून सांगायची गरजच नव्हती. पण जूनमध्ये पाऊस आला, आणि पावसात मीठ करता येत नाही. चळवळ चालू ठेवायची तर मोडायला दुसरा कायदा हवा होता. महाराष्ट्रात तो जंगलाचा मिळाला. १० जुलैला बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह सुरू केला आणि तो प्रांतभर पसरला. मीठ सगळ्यांचं होतं. जंगलाचं दुःख मात्र ज्यांच्या दारात डोंगर होता त्यांचं होतं, आणि म्हणून ते जास्त खोल गेलं.

२५ सप्टेंबरला चिरनेर आणि आसपासच्या गावांतले लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर जमले. पोलिसांनी काहींना पकडून खाली गावात आणलं. लोक मागोमाग आले, आणि गोळीबार झाला. मामलेदार केशव महादेव जोशीही त्या दिवशी मारले गेले. गावकऱ्यांतले आठ जण गेले. त्यांत धाकू गवत्या फोफेरकर होते, नवश्या महादेव कातकरी होते, आलू बेमट्या म्हात्रे होते. बाकीच्यांत पाटील आहेत, कोळी आहेत. गावं पाहिली तर चिरनेर, दिघोडे, खोपटे, पाणदिवे, कोप्रोली, जुई. शेत कसणारा, मासे मारणारा आणि रानात राहणारा एकाच यादीत येतो, कारण तिघांचीही वाट त्याच डोंगरावर जायची. गावातल्या महागणपतीच्या देवळात गजावर गोळीची खूण आजही दाखवतात. दरवर्षी २५ सप्टेंबरला स्मारकापाशी पोलीसच बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात.

आम्ही डोंगर चढलो. वाट सोपी आहे, फक्त गवत कमरेएवढं होतं आणि मोज्यांत कुसळं शिरली. बंधाऱ्याच्या पुढे ओढ्याच्या कडेकडेने गेलं की झाडी दाट होते. तिथे एक म्हातारे गृहस्थ भेटले, वाडीवरचे कातकरी. खांद्यावर सुक्या काटक्यांची मोळी, कमरेला आकडीत अडकवलेला कोयता. मी विचारलं, "मामा, इथे लाकूड तोडू देतात?" ते म्हणाले, "सुकं नेतो. ओलं कोण तोडतंय? परत यायचं हाय ना इथंच." आणि मोळी सावरून उतारावर निघून गेले.

त्यांच्या त्या एका वाक्यात राबाचा सगळा हिशेब होता. माझ्या फलकावरच्या घोषणेत तो नव्हता. आमच्यापैकी बहुतेकांनी पुनावळ्याच्या त्या वनात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. आम्हाला वास नको होता, डास नको होते, फ्लॅटची किंमत पडायला नको होती, आणि हो, झाडंही हवी होती. यात खोटं काही नाही. पण आमचं जंगल म्हणजे खिडकीतून दिसणारी हिरवी पट्टी. चिरनेरच्या लोकांचं जंगल म्हणजे पुढच्या वर्षीचा भात. कोयता आणि फलक दोघेही एकच विचारत होते, की या डोंगराचं काय करायचं हे आम्हाला न विचारता कोण ठरवतं. फरक इतकाच की आम्हाला उत्तर काही आठवड्यांत मिळालं. त्यांना गोळी मिळाली.

माथ्यावरून पश्चिमेला खाडी दिसली आणि तिच्या पलीकडे, धुरकट उजेडात, बंदराच्या क्रेन. त्या बंदराचाही एक इतिहास आहे. जानेवारी १९८४ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला, तेव्हा पुन्हा गोळीबार झाला आणि पाच जण गेले. या वेळी सरकार आपलंच होतं. साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचं धोरण त्या लढ्यातून आलं. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू याच तालुक्यात चिर्ल्याला उतरला, आणि त्याच वर्षी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर अधिसूचित झालं. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं. ज्या रानात आम्ही उभे होतो, त्याच्या पायथ्याची गावं आता नव्या शहराच्या नकाशात आहेत.

रूममेटने नकाशा मोबाइलवर उघडला आणि म्हणाला, "दहा वर्षांनी इथे पण पुनावळे." तो थट्टा करत होता. पण पुनावळेही माझ्या जन्माच्या वेळी शेतांचं गाव होतं, आणि मी राहतो तो टॉवर कोणाच्या तरी भातखाचरावर उभा असणार. कोणाच्या, हे मी कधी विचारलेलं नाही.

परतताना गणपतीच्या देवळात गेलो. एका मुलाने गजावरची खूण दाखवली. मी बोट ठेवून पाहिलं, थंड लोखंड. बाहेर रस्त्यावरून एक कंटेनर बंदराच्या दिशेने गेला. चाकणहून आला असेल का, असं मनात आलं. रात्री घरी पोचल्यावर गॅलरीत उभा राहिलो, पण मोजायचं राहून गेलं. मोज्यांतली कुसळं काढत बसलो होतो.