प्रतिकूल हवामानातील अपघात व ट्रकचालकाचे दायित्व

मुसळधार पाऊस, धुके वा वादळ यांत मालवाहू वाहनाला झालेल्या अपघाताबद्दल चालकावर येणारी दिवाणी व फौजदारी जबाबदारी. तिचा मुख्य आधार 1988 चा मोटार वाहन कायदा (→ मोटार वाहन कायदा) असून, निष्काळजीपणामुळे घडलेल्या मृत्यूबद्दल 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दैवी आपत्ती, म्हणजे मानवी दक्षतेने न टळणारी नैसर्गिक घटना, हा बचाव उपलब्ध असला, तरी नवी मुंबईत जून ते सप्टेंबरमधील जोरदार पाऊस अपेक्षितच असल्याने केवळ पावसाचे कारण पुरेसे ठरत नाही. जवाहरलाल नेहरू बंदरातून कंटेनर घेऊन कळंबोलीमार्गे घाटाकडे जाणाऱ्या ट्रेलरला ओल्या रस्त्यावर थांबण्यास अधिक अंतर लागते आणि उतारावर अचानक ब्रेक दाबल्यास त्याचा मागील भाग आडवा फिरू शकतो. म्हणून वेग व पुढील वाहनापासूनचे अंतर परिस्थितीनुसार राखणे हे चालकाचे कर्तव्य मानले जाते. मात्र झिजलेले टायर आणि जादा भार यांचा दोष एकट्या चालकावर टाकणे न्याय्य नव्हे; भरपाईसाठी कायदा मालक व विमा कंपनी यांनाही बांधून घेतो (→ विमा). अपघातानंतर जखमींना उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळविणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार बंधनकारक आहे. निष्काळजीपणे मृत्यू घडवून अपघाताची खबर न देता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठरविणाऱ्या संहितेच्या कलम 106(2) विरुद्ध जानेवारी 2024 मध्ये नवी मुंबईसह देशभर चालकांनी आंदोलन केले. संहिता लागू करताना ते कलम वगळण्यात आले.