आईचा फोटो आणि 'डी' ड्राइव्ह



गेल्या महिन्यात माझा जुना संगणक बंद पडला. मुलाने आपल्या कुलवृत्तांताचे फोल्डर नव्या संगणकावर उतरवून दिले. उघडून पाहते तर नावे, तारखा सगळे जागच्या जागी. फोटोंच्या जागी मात्र रिकाम्या चौकटी! त्यात माझ्या आईचा एकुलता एक फोटो. मूळ प्रत कधीच वाळवीने खाल्लेली. पोटात धस्स झाले.

नातू म्हणाला, "आजी, फोटो आहेत गं. तू सेटिंगमध्ये पत्ता जुना लिहिला आहेस." मी 'डी' ड्राइव्हपासून सगळा पत्ता लिहिला होता आणि नव्या संगणकाला 'डी' ड्राइव्हच नाही!

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे हे 'डी' आले कुठून ते शोधल्याशिवाय चैन पडेना.

फायलींचे झाड १९६५ साली मल्टिक्स या प्रणालीच्या आराखड्यात मांडले गेले. गीतेतल्या अश्वत्थासारखे मूळ वर, फांद्या खाली. पत्ता मुळापासून सांगा, नाहीतर आपण उभे आहोत तिथून. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्स सुरू केले, तेव्हा मात्र मार्ग लिहायची सोयच नव्हती. ज्या फोल्डरमध्ये उभे असाल तिथलेच नाव घ्यायचे. १९७१ च्या युनिक्समध्ये तिरकी रेघ आली. रेघेने सुरुवात केली तर मुळापासून, नाहीतर उभ्या जागेपासून. दोन टिंबे म्हणजे एक पायरी वर.

युनिक्समध्ये सगळ्या डिस्का एकाच झाडाला जोडतात. १९८१ च्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, प्रत्येक डिस्कला फक्त एक अक्षर. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, पण अक्षरे राहिली, म्हणजे प्रत्येक डिस्कचे झाड वेगळे. माझे 'डी' ते हेच!

नातवाने पत्त्यातला पुढचा भाग खोडून नुसते 'फोटो' फोल्डर आणि फायलीचे नाव ठेवले. "पण 'इथून' म्हणजे कुठून?" मी विचारले. प्रोग्रॅम जिथून सुरू केला तिथून मोजू लागला तर पुन्हा पंचाईत. सुदैवाने हा प्रोग्रॅम कुलवृत्तांताच्या फायलीपासून मोजतो. आई पुन्हा दिसली.

असो. पुढच्या आठवड्यात सर्व नातेवाइकांना पेनड्राइव्ह पाठवते आहे. कुठेही उतरवून घ्या, फक्त फोटोंचे फोल्डर वेगळे काढू नका.