थिजलेला पडदा : एका बिघाडाचा इतिहास

संगणक 'हँग झाला' हा प्रयोग मराठीत इतका रुळला आहे, की तो कधीकाळी परका होता याची आठवणही उरलेली नाही. 'गोठला', 'थिजला', 'अडकला' असे पर्याय छापील मजकुरात अधूनमधून भेटतात. बोलण्यात मात्र यंत्र हँगच होते. शब्द आपलासा झाला, पण त्यामागची घटना आपण अजून दैवाधीनच मानतो. नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातली आणि यंत्र वारंवार थिजू लागले, की दोनच निदाने कानी पडतात : 'नवे ते सगळे कुचकामी' किंवा 'यंत्रच म्हातारे झाले'. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दोन्ही निदाने अनैतिहासिक आहेत. संगणकाच्या पोटात वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या संहिता एकत्र नांदत असतात आणि त्यांचे नांदणे काही अलिखित संकेतांवर अवलंबून असते. सिस्टिम बदलते तेव्हा संकेताची एक बाजू बदलते. दुसरी बाजू जुन्याच विश्वासावर चालत राहते. पडदा थिजतो तो बहुधा या सांध्यावर.

१९९० सालच्या विंडोज ३.० मध्ये अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालत. पण ते परस्परसौजन्यावर. प्रत्येकाने आपले थोडे काम उरकून प्रोसेसर स्वखुशीने सोडायचा. कोणी सोडलाच नाही, तर काढून घेण्याची सत्ता सिस्टिमकडे नव्हती. परिसंवादात अध्यक्षांकडे घंटाच नसावी आणि पहिल्याच वक्त्याने माइक धरून ठेवावा, तशी ही अवस्था. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ने अध्यक्षांना घंटा दिली, परंतु ती केवळ नव्या, ३२-बिट वक्त्यांसाठी. जुने १६-बिट प्रोग्रॅम मोडून चालणार नव्हते, कारण लोकांची कामे त्यांवरच होती. म्हणून जुन्यांसाठी एक सामाईक कुलूप ठेवले गेले. त्याची किल्ली एका वेळी एकाकडेच असे आणि नव्या प्रोग्रॅमनाही काही कामांसाठी त्याच दारातून जावे लागे. किल्ली घेऊन एखादा जुना प्रोग्रॅम आतच बसला, की बाहेर रांग. 'अपग्रेडनंतर यंत्र हँग होते' या तक्रारीचा हा जणू आद्य नमुना. आणि त्याचे मूळ नव्याच्या उद्दामपणात नसून जुन्याला न टाकण्याच्या निर्णयात होते, हे आवर्जून नोंदवले पाहिजे.

याच पिढीतला एक दोष तर निव्वळ गणिताचा आहे. यंत्र सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजण्यासाठी ३२ बिटांची जागा राखलेली होती. तीत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच आकडे मावतात, म्हणजे ४९.७ दिवस. त्यानंतर मोजणी शून्यावर येई आणि विंडोज ९५ व ९८ थिजू शकत. हा दोष उघडकीस यायला १९९९ साल उजाडले. एखादे विंडोज ९५ सलग पन्नास दिवस न पडता चालेल, अशी अपेक्षा फारशी कोणी बाळगतच नव्हते! असो.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी आले आणि घरगुती वापरकर्ता ९५-९८च्या वंशातून एनटीच्या वंशात दाखल झाला. एका प्रोग्रॅमने साऱ्या यंत्राला ओलीस धरणे आता पुष्कळ अवघड झाले. पण जुन्या वंशासाठी लिहिलेले कित्येक ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, स्कॅनर, साऊंड कार्ड यांच्याशी बोलणारे दुभाषे, नव्या घरात निरुपयोगी ठरले. मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा काळ विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्याच्यासाठी हे स्थलांतर हौसेचे नव्हते. विंडोज ९८मध्ये देवनागरीला खुद्द सिस्टिमचा आधार नव्हता. तो विंडोज २००० पासून मिळाला. 'मंगल' हा फॉन्टही तेव्हाचाच. एक्सपीमध्येदेखील तो आधार आपणहून चालू नसे. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि सिस्टिमची सीडी घालावी लागे. युनिकोडमधले मराठी वाचायचे, लिहायचे तर पुढे सरकणे भाग होते.

मागे काय राहत होते? रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेल्या फॉन्टांत टंकलेले प्रबंध, अंकांच्या जुळण्या, कोशांच्या नोंदी. हे टंकन ज्या सॉफ्टवेअरने होई, ते कळफलकाचा प्रत्येक ठोका वाटेत अडवून त्याचे देवनागरी रूप पुढे पाठवी. काहींना प्रिंटरच्या पोर्टात खोचायचे 'डाँगल' लागे आणि त्या डाँगलचा पुन्हा स्वतंत्र ड्रायव्हर. म्हणजे सिस्टिमच्या सर्वांत नाजूक सांध्यांवर, कळफलक आणि पोर्ट या ठिकाणी, जुनी संहिता ठाण मांडून बसलेली. शिवाय विंडोज ९८ला १६ मेगाबाइट मेमरी पुरे, तर एक्सपीची किमान मागणी ६४ची. किमान मेमरीवर चालणारे यंत्र उरलेला पसारा हार्ड डिस्कवर काढत-घालत राही आणि वापरणाऱ्याला वाटे, ते मेले. वस्तुतः ते धापा टाकत असे. मराठी विभागातल्या माणसाची कोंडी अशी, की अपग्रेड न करावे तर नवे मराठी वाचता येत नाही आणि करावे तर स्वतःचेच लिहिलेले उघडण्याची खात्री नाही. कित्येकांनी जुने यंत्र मोडीत न काढता कोपऱ्यात जपून ठेवले, ते भावनेपोटी नव्हे.

धापा आणि मृत्यू यांतला फरक ओळखण्याची रीत साधी आहे. नम लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा चालू-बंद होत असेल तर सिस्टिमचा गाभा बहुधा शाबूत आहे. डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत असेल तर मेमरीकडे संशय न्यावा. दोन्ही दिवे मूक आणि माउसचा बाणही जागचा हलत नसेल, तर ड्रायव्हर किंवा हार्डवेअर. एकच खिडकी थिजली असेल तर गोष्ट निराळी. एक्सपीपासून अशी सोय आहे, की एखादी खिडकी सुमारे पाच सेकंद प्रतिसाद देईनाशी झाली की सिस्टिम तिच्या जागी तिचेच चित्र ठेवते. या चित्राला तंत्रज्ञांच्या परिभाषेत खरोखरच 'घोस्ट विंडो' म्हणतात. आपण जिच्यावर चिडून क्लिक करत असतो, ती मूळ खिडकी नसतेच. तिचे भूत असते.

३० जानेवारी २००७ला विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी उपलब्ध झाले आणि पडद्याशी बोलणाऱ्या ड्रायव्हरांची सारी रचनाच बदलली. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे २००८ साली उघड झाली. त्यांत २००७मधील काही काळात नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या बिघाडांपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांकडे बोट दाखवणारे होते, तर सुमारे १८ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टकडे. बदनामी मात्र एकट्या व्हिस्टाची झाली. त्याच व्हिस्टाने एक शहाणी तरतूदही आणली होती : चित्र काढणारी चिप दोन सेकंदांत उत्तर देईनाशी झाली, तर यंत्र बंद न करता तेवढा ड्रायव्हर नव्याने सुरू करायचा. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, तो यामुळे.

दोषी संहिता शोधण्याची पद्धत साहित्याच्या विद्यार्थ्याला अनोळखी वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ती हस्तलिखितांतली समान स्खलने तपासून त्यांची कुळे ठरवत. इथेही आधी विचारायचे ते 'काय बिघडले' हे नव्हे, तर 'शेवटचे काय बदलले' हे. सेफ मोडमध्ये यंत्र मोजक्या ड्रायव्हरांनिशी सुरू होते. तिथे ते थिजत नसेल, तर दोष नंतर जोडलेल्या भागात, प्रक्षेपात म्हणा, आहे. मग आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी निम्मे बंद करून पाहायचे. बिघाड गेला तर दोषी त्या निम्म्यांत, राहिला तर उरलेल्यांत. चौसष्ट संशयितांतला एक सहा फेऱ्यांत हाती लागतो. साम्य अर्थात इथेच संपते, कारण हस्तलिखित पुन्हा सुरू करून पाहता येत नाही. आणि दोष दोन प्रोग्रॅमांच्या संयोगात असेल, तर ही निम्मे-निम्मे रीतही चकवते.

१९ जुलै २०२४ रोजी हाच जुना सांधा पुन्हा निखळला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका लहानशा अद्ययावत फाइलमुळे जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. नव्या नमुन्याला २१ रकाने अपेक्षित होते, वाचणारी जुनी संहिता २०च पुरवत होती. विमानतळ, बँका, रुग्णालये खोळंबली. चुकीची फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली गेली. पण पडलेली यंत्रे ती सुधारणा घेण्याइतकी जागीच होत नव्हती. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कोणीतरी एकेका यंत्रापाशी जाऊन बसले, सेफ मोडमध्ये ते सुरू केले आणि ती एक फाइल हाताने पुसली.